मोहाचा वास

तुलारामनं फेकलेली पऱ्ह्यांची, धानाच्या रोपांची, पेंढी भलत्याच बांधीत जाऊन पडली. जी बांधी सकाळीच रोवून झाली होती, तिच्या हिरव्या ओळींच्या मधोमध पेंढी रुतली आणि रोवणाऱ्या बाया कंबर न उचलताच खुदकन हसल्या. पऱ्हे फेकायला काही मोठी विद्या लागत नाही. बाया मागं मागं सरकत रोवतात, त्यांच्या पाठीशी पेंढ्या पडत राहाव्यात एवढंच बघायचं असतं. एकोडी गावातला शेंबडा पोरगाही ते करतो, आणि तुलारामचा तर जन्म ह्याच बांधांवर, ह्याच धुऱ्यांवर गेला होता.

पुढची पेंढी थेट गिरजाबाईच्या पाठीवर बसली.

"का रे तुलाराम, डोये घरी ठेवून आला का?" गिरजाबाईनं विचारलं. गावातल्या दारूबंदी मंडळाची ती अध्यक्ष होती, आणि तिचा साधा प्रश्नही समोरच्याला समन्ससारखा वाटायचा.

तुलाराम धुऱ्यावर उभा राहून डुलत होता. तोंड अर्धवट उघडं होतं आणि नजर समोरच्या बोडीच्या, त्या लहान तळ्याच्या, पाण्यापलीकडं कुठंतरी लागली होती. मग खाटेवर बसावं तसा तो सरळ चिखलात बसला. आता मात्र कुणी हसलं नाही. बाया एकमेकींकडं बघू लागल्या.

रुपा, त्याची बायको, ओळीच्या शेवटाला होती. दारुड्याच्या बायकोला नवऱ्याकडं बघावंच लागत नाही, लोकांची तोंडं बघितली की तिला सगळं कळतं. त्याची दारू सुटल्यापासूनच्या तीन वर्षांत ही सवय तिच्या अंगातून गेली होती असं तिला वाटत होतं. ती गेली नव्हती. हातातली रोपं तशीच धरून ती चिखल तुडवत नवऱ्याजवळ गेली.

"काय झालं तुमाले?"

"हेले सोडले का व?" त्यानं विचारलं. जीभ जड झाली होती. "पाणी पाजलं का त्याईले?"

हेल्यांची, नांगराच्या रेड्यांची, जोडी विकून दोन वर्षं झाली होती. चिखलणी आता ट्रॅक्टरनं व्हायची. रुपा त्याला धरायला वाकली आणि तिला वास आला. मोहाची दारू. आंबूस, गोडसर, नाकात सुईसारखा शिरणारा तो वास घामानं झाकत नाही, पावसानं धुऊन जात नाही. आणि रुपाच्या नाकाला तो ओळखायला कुणाची साक्ष लागत नव्हती.

 राग मागाहून आला, आधी भीती आली. दामिनी लहान असताना स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात पोरीला पोटाशी धरून बसायची ती भीती.

त्या भीतीतून तिनं घर बाहेर काढलं होतं, तेही एकटीनं. दामिनीच्या डोक्यावर हात ठेवायला लावून तुलारामकडून शपथ घेतली होती. "पेऊन आले तर दार उघडणार नाही. मंग तुमी मरा का जगा," असं तिनं चार बायांसमोर सांगितलं होतं. जंगलातल्या भट्ट्यांवर जाऊन मडकी फोडणाऱ्या बायांत ती सगळ्यात पुढं असायची. गावात नवा नियमही तिनंच काढला होता. कुणी पिऊन आला की सकाळी मंडळाच्या बाया त्याच्या दारासमोर जमून थाळ्या वाजवायच्या, तो बाहेर येऊन कान धरेपर्यंत. भल्याभल्यांचं पाणी ह्या थाळ्यांनी उतरवलं होतं. सासूनं गुडघ्यांना चोळायला म्हणून ठेवलेली बाटलीसुद्धा रुपानं अंगणात फोडली होती. मोहाची ह्या घराच्या उंबऱ्याच्या आत येणार नाही म्हणजे नाही. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, आणि रुपाचं तोंड तर पुरतं भाजलं होतं.

"सुंभ जयला तरी पीळ जात नाही म्हणतेत ते काही खोटं नाही," मागून कुणीतरी हळूच म्हणालं.

रुपा परत ओळीत जाऊन उभी राहिली. ह्या बाया दुसऱ्या दिवशी सानगडीच्या बाजूला दुसऱ्याच्या रोवणीवर जाणार होत्या. आजची पाळी चुकली असती तर घरचे पऱ्हे तसेच वाळले असते. तिनं वाकून रोवायला सुरुवात केली. तिची ओळ वाकडी जात होती, पण कुणी टोकलं नाही.

संध्याकाळी ती पुढं आणि तो मागं असे दोघं पांदणीनं घरी आले. तो एक पाय ओढत होता, मधेच थांबून कुडाला धरत होता. ती मागं वळून बघत नव्हती. पांदणीवर भेटलेला टेकचंद आपला छोटा हत्ती टेम्पो बाजूला घेऊन म्हणाला, "बसवून नेऊ का वहिनी त्याले?" तो शेजारीच राहायचा, साकोलीच्या बाजाराला भाजी न्यायचा. रुपा म्हणाली, "पेतानी पाय होते ना त्याईले? चालू द्या."

घराशी आल्यावर तुलाराम बाहेरच्या ओट्यावर बसला. गुडघ्यापर्यंत चिखल तसाच होता. गोदावरीबाई, त्याची आई, तांब्याभर पाणी घेऊन लगबगीनं बाहेर आली आणि त्याचे पाय धुवायला वाकली.

रुपानं तिच्या हातातला तांब्या काढून घेतला. "हात लावू नका आत्याबाई. तुमीच लाडावून ठेवलं. आपले पाय आपण धुते तो."

"व रुपा, त्याले ताप असन व."

"ताप? वास नाही आला तुमाले?"

 म्हातारी पदराचं टोक बोटाला गुंडाळू लागली. काहीतरी तिच्या ओठांवर आलं होतं. पण रुपाच्या डोळ्यांत बघितलं आणि ती आत निघून गेली. माणूस एकदा बदनाम झाला की लोक त्याला तापही नीट येऊ देत नाहीत, आणि घरचे लोक काही गावाबाहेरचे नसतात.

रुपानं भात आणि अंबाडीची भाजी थाळीत वाढून थाळी ओट्यावर सरकवली. त्यानं थाळीकडं बघितलं. हात थाळीच्या बाजूला जमिनीवर पडला आणि बोटं जमीनच चिवडू लागली. त्याचे दात कडकड वाजत होते. मग पँट ओली झाली. ओट्यावरून एक ओघळ खाली अंगणात आला.

दामिनी दारात उभी होती. यंदा ती बारावीला होती. पूर्वीचं तिला सगळं आठवत होतं, पण बाबा असे ओले झालेले तिनं कधी पाहिले नव्हते. "आई, बाबाले आत घेऊ ना," ती म्हणाली.

"नाही."

"आई, ते थरथरून राहिले."

"उतरली का बंद होते थरथर. मी पाहिली नाही का? चाल आत."

रुपानं दार लावलं आणि कडी घातली.  बाहेर तो मधूनमधून हेल्यांना हाका मारत होता, मग हाका पुटपुटण्यावर आल्या, आणि मग तेही ऐकू येईना. झोपली असेल बला एकदाची, असं रुपानं स्वतःला सांगितलं. गोदावरीबाईच्या बाजेचं करकरणं मात्र थांबत नव्हतं.

उजाडल्यावर दामिनी चहा घेऊन बाहेर गेली आणि कपबशी तशीच घेऊन परत आली. चहा बशीत सांडला होता.

"आई, ते कोठ्यात जाऊन पडले, तणसावर. मले म्हणते, तू कोणाची पोट्टी व्हय म्हणते."

"नाटक आहे सारं."

"नाटक नाही व आई! माह्याकडे पाहूनच नाही राहिले. डोये वर गेले त्याईचे."

रुपा चुलीपाशी बसून राहिली. उठावं, जाऊन बघावं, असं तिला पोटातून वाटत होतं. पण गेलं की मन पाघळतं, आणि मन पाघळलं की पुन्हा सगळं पहिल्यापासून, हे तिला पाठ होतं. आणि तेवढ्यात थाळ्या वाजू लागल्या.

मंडळाच्या बाया सानगडीला निघण्याआधी आल्या होत्या. अंगणात त्या अर्धगोल उभ्या होत्या, हातात स्टीलच्या थाळ्या आणि पळ्या. गिरजाबाई पुढं आली, जराशी अवघडलेली.

"रुपा, तू सांगशील तर वापस जातो आमी. पण काल साऱ्याईनं पाहिलं."

रुपा आत गेली. काल ज्या थाळीत त्याला वाढलं होतं ती घासून पालथी ठेवली होती. ती आणि पळी घेऊन ती बाहेर आली. "नियम साऱ्याईले एकच," ती म्हणाली, आणि तिनंच सगळ्यांच्या आधी थाळीवर पळी हाणली.

शेजारपाजारचे लोक जमले. कोठ्यातल्या म्हशीनं दावं ओढून कान टवकारले. थाळ्यांचा खणखणाट कोठ्याच्या कौलांवर आदळत होता आणि आत धानाच्या तणसावर पडलेला माणूस हलत नव्हता. कुणी हसलं. कुणी म्हणालं, पाणी टाका म्हणजे उठते. गिरजाबाईनं रांजणाजवळची बादली उचलली, आत गेली आणि डोक्यापासून पायापर्यंत पाणी ओतलं.

तो उठला नाही. नुसता कण्हला. पण पाण्यानं पायाचा वाळलेला चिखल उतरला.

"अवं मायबाई!" गिरजाबाईच्या हातातली बादली खाली पडली.

थाळ्या एकेक करून थांबल्या. रुपाची सगळ्यात शेवटी थांबली.

पाय पायासारखा राहिलाच नव्हता. अंगठ्याजवळ एक चिंधी मांसात रुतली होती, तिच्याभोवती कातडी काळीनिळी होऊन फुगली होती, आणि तिथून एक लाल रेघ नडगीवरून वर, गुडघ्याच्याही वर पँटमध्ये गेली होती. चिंधीतून मोहाचा वास येत होता, आणि त्याच्या खालून दुसरा, कुजल्याचा. रुपा गुडघ्यांवर बसली आणि तिनं त्याच्या तोंडाजवळ नाक नेलं. तोंडाला तापाची घाण होती, वाळलेल्या लाळेची होती. दारूची नव्हती.

"मीनं टाकली व," मागून गोदावरीबाई म्हणाली. ती कोठ्याच्या खांबाला धरून उभी होती. "बोरीचा काटा घुसला होता बांधीत. पिनीनं काढला त्यानं. मंग पिकला. माह्या पेटीत पव्वा होता लपवलेला, तो मीनं ओतला पायावर, रोज ओतला. पयले असंच तर करत होते सारे. तो म्हणे, माय, रुपाले सांगू नोको, तुह्यी बाटली फोडन ते. रोवणी झाली का जातो म्हणे दवाखान्यात."

"मंग काल काहून नाही सांगतलं?" रुपाचा आवाज तिला स्वतःलाच ओळखू येईना. "म्या दार लावलं तवा काहून नाही सांगतलं तुमी?"

"मले वाटलं, थोडीशी पेला का काय त्यातली." म्हातारी रडू लागली. "मले बी वाटलं ना व."

म्हणजे आईलाही वाटलं. पोटच्या पोराविरुद्ध ह्यापेक्षा वाईट साक्ष कोण देणार?

टेकचंदनं भाजीच्या टोपल्या भराभर खाली टाकल्या आणि छोटा हत्ती अंगणात घेतला. तणसाचे दोन भारे आत पसरून त्यावर तुलारामला निजवलं. उचलताना त्याचं अंग तव्यासारखं तापलं होतं आणि हातापायांची बोटं मात्र गार पडली होती. तो लहान लहान श्वास घेत होता, धावून आलेल्या कुत्र्यासारखे. रुपा त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली. दामिनी समोर. रस्त्याच्या प्रत्येक खड्ड्याला रुपा म्हणायची, "हळू भाऊ," आणि पुढच्याच श्वासाला, "जल्दी भाऊ."

साकोलीच्या दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीण होती. तिनं डोळ्यांत बॅटरी मारली, दंडाला पट्टा बांधला, यंत्राकडं बघितलं आणि पट्टा पुन्हा बांधला. यंत्रावर तिचा विश्वास बसत नव्हता हे रुपाला दिसलं.

"नाव काय तुमचं?" तिनं त्याला मोठ्यानं विचारलं.

"हेले," तुलाराम म्हणाला.

"दारू पितात का?" आता ती रुपाकडं वळली. सगळ्यांनाच विचारतात तसं तिनं विचारलं होतं. पण अंगावरून वास येत होता, आणि बाजूचा वॉर्डबॉय न विचारताच मान हलवत होता.

"नाही," रुपा म्हणाली. वॉर्डबॉयची मान हलतच राहिली, तसं ती मोठ्यानं म्हणाली, "नाही मॅडम. तीन वर्षं झाले, थेंब नाही घेतला माह्या माणसानं. ते पायावर टाकली होती. पायावर!" सगळं आवार तिच्याकडं बघू लागलं. काल हे म्हणायला तिच्याजवळ आख्खी संध्याकाळ होती.

"बरं बरं. ऐका." डॉक्टरीण तिच्या जवळ आली. "पायातले जंतू रक्तात गेलेत. रक्त सगळीकडं फिरतं, त्यामुळं ते सगळीकडं गेलेत. बीपी फार कमी झालंय. ते असं असंबद्ध बोलतात, ओळखत नाहीत, ते मेंदूवर परिणाम झाल्यामुळं. बोलण्यातला हा फरक कधीपासून आहे?"

"काल दुपारपासून."

"मग काल का नाही आणलं?"

 दामिनी जमिनीकडं बघत होती. तिनं कडीचं सांगितलं नाही, आणि आपली पोरगी आपल्याला वाचवते आहे हे कळून रुपाला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सलाईन लावून, इंजेक्शनं देऊन त्याला एकशे आठच्या गाडीत घातलं. भंडाऱ्याला मोठ्या दवाखान्यात न्यायचं होतं. लाखनीच्या आसपास ट्रकांची रांग लागली होती आणि गाडीचा भोंगा नुसता बोंबलत होता. तिथंच तुलारामचं अंग ताठ झालं. डोळे पांढरे झाले, जबडा घट्ट मिटला, हातपाय स्ट्रेचरवर आपटू लागले. तोंडातून फेस आला, त्यात रक्त होतं. गाडीतल्या डॉक्टरनं त्याला कुशीवर वळवलं आणि रुपाला म्हणाला, "डोकं धरा, फक्त धरा, दाबू नका." रुपानं धरलं. तिला एवढंच कळत होतं की हातातलं डोकं आता तिच्या ओळखीचं राहिलं नाही. आत कुणीतरी दुसरं शिरलं आहे आणि नवऱ्याला बाहेर काढून दार लावून घेतंय. "ऐका ना," ती म्हणत होती, "ऐका ना, मी आहो." गाडी सुटली तेव्हा झटका थांबला होता. तो घोरत होता, आणि त्या घोरण्याची तिला झटक्यापेक्षा जास्त भीती वाटली.

भंडाऱ्याला त्याचा पाय उघडला, पू काढला, दोन बोटं कापली. डोक्याचा फोटो काढला. तो काचेपलीकडं होता आणि रुपा बाहेर भिंतीशी चादर टाकून बसायची. ठरल्या वेळी तिला आत सोडायचे. त्याचे हात पट्ट्यांनी खाटेला बांधले होते, नाहीतर तो नळ्या ओढायचा. कधी तो डोळे उघडायचा आणि छताकडं बघत काही पुटपुटायचा. कधी चिमटा काढला तरी हलायचा नाही. त्याच्या ओठांना पाणी लावताना ती रोज एकच गोष्ट सांगायची, "माही चूक झाली. आयकून राहिले ना तुमी? माही चूक झाली." पट्ट्याखालची बोटं हलायची, पण ती कुणासाठीही हलत असतील.

इथले डॉक्टर वयस्कर होते, कमी बोलायचे. त्यांनी डोक्याचा फोटो उजेडासमोर धरला. करड्या रंगात पांढरे ठिपके होते, बांधीवर बगळे उतरावेत तसे विखुरलेले.

"जंतूंच्या लहान लहान गुठळ्या रक्तातून इथवर गेल्या," ते म्हणाले. "जिथं अडकल्या तिथला मेंदू मेला किंवा तिथं पू झाला. औषध लागू पडतंय. जीव वाचेल असं मला वाटतं."

"आणि डोकं?"

"ते आज नाही सांगता येत, बाई."

"मले वळखतीन का?"

डॉक्टरांनी फोटो खाली ठेवला. "वाट बघा," ते म्हणाले.

ती वाट बघत बसली. मरणाची भीती एकरंगी असते, रडून झालं की थोडी कमी होते. पण माणूस जगेल आणि तो आपला नसेल, ही भीती रडून कमी होत नाही. टेकचंद एकदा आला, डबा घेऊन. गिरजाबाईनं निरोप पाठवला होता. मंडळाच्या बायांनी सानगडीहून परत येऊन उरलेल्या दोन बांध्या रोवून दिल्या होत्या, फुकट. "आणि म्हणे," टेकचंद घुटमळला, "थाळ्याईचं बंद केलं त्याईनं. आता पयले अंगाले हात लावून पाहतो म्हणे, मंग बोलतो."

मग एका दुपारी ती आत गेली तेव्हा तुलाराम दाराकडंच बघत होता. त्याचा एक डोळा नीट उघडत नव्हता. त्यानं तिच्याकडं बघितलं, खूप वेळ, अनोळखी गावातल्या पाटीकडं बघावं तसं.

"रुपा," तो म्हणाला. शब्द तोंडात भात असल्यासारखा आला. "हेले विकले ना आपण?"

रुपा खाटेचा दांडा धरून मटकन खाली बसली आणि ढसाढसा रडली. "विकले," ती म्हणाली, "विकले व्हय, चांगल्या घरी देल्ले." वाचलो, असं तिला वाटलं.

धान निसवलं, पिवळं झालं, कापलंही गेलं. तुलाराम घरी होता. चालताना तो डुलायचा, एक हात भिंत शोधत राहायचा. बोलणं घट्ट आणि ओघळतं. साकोलीच्या बाजारात एकदा अनोळखी माणसानं त्याला बघून नाक दाबलं, तेव्हा दामिनी त्या माणसाच्या अंगावर धावून गेली होती. जुनं त्याला सगळं आठवायचं. हेल्यांची नावं, लग्नातला पाऊस, कोणत्या धुऱ्यावर आंब्याचं झाड होतं. नवं मात्र टिकत नव्हतं, सकाळचं संध्याकाळी पुसून जायचं. त्या दिवसांतल्या दोनच गोष्टींचं त्याला स्मरण होतं. बंद दार, आणि थाळ्यांचा आवाज. काटा आठवत नव्हता, पाय आठवत नव्हता. गावातल्या कुणाही माणसानं ह्या दोन गोष्टींवरून जो अर्थ काढला असता तोच त्यानंही काढला होता.

रोज दिवस मावळताना तो बोडीकडून काठी टेकत यायचा आणि ओट्याच्या बाहेरच्या कोपऱ्यात बसायचा. आत यायचा नाही.

"आत या ना," रुपा म्हणायची.

"नाही. मी पेलो होतो." त्याचे डोळे भरून यायचे. "दामिनीच्या डोक्यावर हात ठेवला होता, तरी पेलो मी. मी बाहेरच बसतो."

आणि रुपाला रोज पहिल्यापासून सांगावं लागायचं. तुमी पेले नाही. काटा लागला होता. आत्याबाईनं पायावर ओतली होती. तो आपल्या पायाकडं, नसलेल्या दोन बोटांकडं बघायचा आणि लहान पोरासारखा हरखायचा. "मी नाही पेलो? आईशपथ?"

"नाही पेले."

"मंग दार कोणं लावलं?"

"मीनं."

"आणि थाया?"

"त्या बी मीनंच."

तो विचार करायचा. कधी म्हणायचा, जाऊ दे. कधी काठीनं जमीन उकरत बसायचा. आणि दुसऱ्या दिवशी त्याचा गुन्हाही परत यायचा आणि तिचाही.

"कायले सांगतं व रोज रोज?" गोदावरीबाई एकदा म्हणाली. म्हातारी त्या पावसाळ्यापासून निम्मी झाली होती. "माफ केलं म्हण, झालं. तो बी खुश, तू बी मोकळी."

रुपानं एक दिवस तसंही करून बघितलं. "बरं, पेले होते तुमी. माफ केलं म्या," ती म्हणाली. तो लगेच आत आला, तिच्या पाया पडायला वाकला, पोटभर जेवला. रुपाची थाळी तशीच राहिली. दुसऱ्या दिवसापासून तिनं पुन्हा खरं सांगायला सुरुवात केली.

आजही तो तसाच बसला होता. थंडी पडू लागली होती, अंगणात नव्या तणसाचा वास होता. रुपानं त्याच्याशेजारी बसून सगळं सांगितलं, काट्यापासून कडीपर्यंत. त्यानं ऐकून घेतलं. दार कोणं लावलं, ते विचारलं. मग तो दाराकडं बघत राहिला.

"आज उघडं आहे ना?"

"उघडंच आहे. कडी काढून टाकली टेकचंदभाऊनं. पाहा."

त्यानं बघितलं. चौकटीत कडीच्या खिळ्यांची दोन भोकं होती. तरी तो उठेना. काठीवरची त्याची बोटं घट्ट झाली.

"पयले तू जा," तो म्हणाला.

रुपा उठली आणि आत गेली. चुलीशी जाऊन ती पाठमोरी उभी राहिली. मागं ओट्यावर काही हालचाल नव्हती. दार बंद होतं की काय ते तो बघत होता, हे तिला न वळताही कळत होतं. तिनं दोन थाळ्या घेतल्या, आवाज होणार नाही अशा बेतानं एकेक खाली ठेवल्या आणि भात वाढला. बऱ्याच वेळानं काठीचं टोक उंबऱ्यावर टेकल्याचं ऐकू आलं.

"येऊ का?" त्यानं विचारलं.

"या," ती म्हणाली.